राहेलमावशीचा चहा

राहेलमावशी गेल्याचं कळलं तेव्हा मी राहात्याच्या एसटी स्टँडवर, हॉटेलच्या बाकड्यावर बसून शांतवनकाकांची नक्कल करत होतो. शांतवनकाका आमच्या ख्रिस्ती मंडळीतले वडीलधारे. प्रार्थनेच्या आधी ते असा घसा खाकरतात, की देवानंसुद्धा हातातलं काम बाजूला ठेवावं. मी खाकरलो, पोरं हसली, आणि तेवढ्यात पाळकसाहेबांचा पोरगा एलिया सायकल टेकवून म्हणाला, "राहेलमावशी गेली रं. कोंबड्या सोडल्या न्हाईत म्हनून आमी दार ढकललं, तर..." माझ्या तोंडात अजून शांतवनकाकाच होते. त्यांच्याच आवाजात मी बोलून गेलो, "प्रभूनं आपल्या लेकराला विसावा दिला." पोरं पुन्हा हसली. आता महिना होत आला, पण तो हशा काही माझ्या कानातून जात नाही.

मला सगळे नकल्याच म्हणतात. दर नाताळाला गाणी झाली की माझा कार्यक्रम. पाळकसाहेब, शांतवनकाका, पेटी वाजवणारे मास्तर, पोरांना दटावणारी माझी आई... अख्खी मंडळी माझ्या तोंडातून एकेक करून बाहेर पडते. ज्याची नक्कल राहून जाईल तो पुढं महिनाभर फुगून बसतो. नक्कल झाली म्हणजे माणूस आपला, असं आमच्यात ठरूनच गेलंय.

राहेलमावशीची नक्कल मी कधी केली नाही. ती महारोगाच्या दवाखान्यातून आमच्याकडं आली, पार बरी होऊन. बोटं तेवढी आखडलेली राहिली होती. देवळामागच्या, म्हणजे चर्चमागच्या, खोलीत राहायची, कोंबड्या पाळायची, अंडी विकायची. अंडी सगळेच घ्यायचे आणि घरी नेऊन धुवायचे. अंड्याला कवच असतं हे आम्ही शाळेत शिकलो होतो, पण तिथं शिकलेलं तिथंच राहिलं.

प्रभुभोजनाच्या रविवारी आमच्यात द्राक्षरसाचा एकच प्याला सगळ्यांत फिरतो. पहिल्याच खेपेला मावशी आपला जर्मनचा, अ‍ॅल्युमिनियमचा पेला रुमालात बांधून घेऊन आली आणि सतरंजीच्या टोकाला, चपलांजवळ बसली. आण म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं. आणू नको असंही कुणी सांगितलं नाही. पाळकसाहेब तिच्या पेल्यात वरून ओतायचे, पेल्याला प्याला न लावता. शांतवनकाका बाजूलाच मान खाली घालून बसलेले असायचे. हेच शांतवनकाका आम्हाला सांगत आलेत, की त्यांच्या लहानपणी पाटलाच्या विहिरीवर त्यांच्या ओंजळीत असंच वरून पाणी ओतायचे, हॉटेलाबाहेर त्यांच्यासाठी कान तुटलेला कप खुंटीला टांगलेला असायचा, आणि त्या कपापायीच त्यांचे वडील ख्रिस्ती झाले. ही गोष्ट मी त्यांच्या आवाजात हुबेहूब सांगतो. रडवतो लोकांना. चपलांजवळचा पेला मात्र मला दिसायचा नाही.

गेला नाताळ, दुष्काळातला. जेवायला रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरी होत्या, तरी लोक पोट धरून हसले. सगळे पांगल्यावर मावशीनं मला गाठलं.

"नकल्या, समद्यांची केलीस. माझी कवा?"

मी म्हणालो, "तुमची कशी करू, मावशी..." आणि माझी नजर तिच्या हाताकडं गेली. तिनं ते पाहिलं.

"हात राहू दे. माझं बोलनं कर की. का मी मंडळीत न्हाई?"

मी तोंड उघडलं. काहीच आलं नाही. कंडक्टरचा आवाज एकदा ऐकला की मला येतो, आणि ही बाई कित्येक वर्षं माझ्यामागं बसून गात होती. नक्कल न करणं हा माझा चांगुलपणा आहे, असं मी समजत होतो. खरं तर मी तिला कधी ऐकलंच नव्हतं.

"फुडच्या नाताळाला करतो," मी म्हणालो. ती म्हणाली, "मंग मी फुडं बसंन."

उन्हाळ्यात एकदा गेलो तिच्याकडं. नक्कल करायची तर माणसाजवळ बसावं लागतं. गाव टँकरवर जगत होतं, अन् तिच्याकडं एकच कळशी भरलेली. मला बघून तिनं त्यातलं पाणी चहाला काढलं. मी उंबऱ्याच्या बाहेरूनच म्हणालो, "नको मावशी, आत्ताच घेतला."

तिनं पाणी परत कळशीत ओतलं. थेंब सांडू दिला नाही. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "शांतवन बी आत्ताच घिऊन येतो. पाळकसाहेब बी. लई चहा पिती बाबा आपली मंडळी."

मी हसलो. ती पण हसली. मी अंडी घेतली आणि निघालो... पुन्हा गेलो नाही.

तिला न्यायला मात्र सगळे आले. शवपेटीला खांदा द्यायला रांग लागली. पेटीला हात लावायला काय जातंय! पुढं आठवणीच्या प्रार्थनेत पाळकसाहेबांनी मला दोन शब्द बोलायला उठवलं. मला नीट असं एकच वाक्य येत होतं. तेच म्हणालो, "लई चहा पिती बाबा आपली मंडळी." आवाज तिचा आला, अगदी तिचाच. बायकांनी दचकून चपलांकडं पाहिलं. हसलं कुणीच नाही. शांतवनकाकांनी घसा खाकरला, पण पुढं प्रार्थना काही आली नाही. बाहेर पडताना त्यांनी माझा दंड धरला. "माझं नाव घेत हुती का रं ती?"

"पयलं तुमचंच, काका. पन तवा दारात मी हुतो."

तिचा पेला तिच्या खोलीच्या खिडकीत राहिला होता. कुणी हलवेना. मी घरी आणला. आईनं तो मोरीच्या भिंतीवर ठेवला, घरातल्या भांड्यांपासून लांब. तिथं तो कितीतरी दिवस होता आणि मीही तो तिथंच राहू दिला, हेही लिहायलाच हवं.

आज तो आत आणलाय. त्यात चहा ओतून समोर ठेवलाय आणि हे लिहितोय. मघापासून तो निवतोय. दोनदा उचलला, दोनदा खाली ठेवला, आणि दोन्ही वेळा माझं तोंड माझ्याच आवाजात म्हणालं... आत्ताच घेतला.