तलावात सोडलेले मांगूर

मला मासे ओळखता येतात, हे सासरी मी कधी कोणाला सांगितलं नाही. या वहीत लिहिते आहे, तेवढंच.

माझे वडील भंडाऱ्याकडचे ढिवर. चौथीनंतर माझी शाळा सुटली आणि मी त्यांच्याबरोबर जाळं ओढायला जाऊ लागले. पाण्यातलं कोणतं गवत उपटायचं आणि कोणतं राखायचं, अंड्यावर आलेली मासोळी कशी ओळखायची, हे सगळं त्यांनी शिकवलं. सासरेही जातीने ढिवरच. पण ते रेल्वेत लागले, रायपूरला आले आणि जाळं गावीच राहिलं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मला बजावलं, "इथं कोणाले सांगत बसू नको तुहा बाप काय करते ते. विचारलंच तर शेती हाय म्हन." मी मान हलवली. तशीही मी चारचौघांत बोलत नसे.

घरामागे लहानसा तलाव होता. काठाला बेशरमाची झुडपं, एका कोपऱ्यात कमळाची पानं आणि त्याखाली दाट गवत. एक म्हातारा केवट आणि त्याची बायको तिथे मासे धरत. सगळ्या तलावात जाळं टाकत, त्या कोपऱ्यात कधीच नाही. पाऊस लागला की लहान मासोळ्या तिथे अंडी घालायच्या. उन्हाळ्यात पाणी उतरलं की म्हातारा बोरीच्या वाळक्या फांद्या तिथे बुडवून ठेवायचा, म्हणजे बगळ्यांना पिल्लं टिपता येत नसत. माझे वडील बाभळीच्या टाकायचे.

एकदा केवटिणीच्या जाळ्यात टेंगना अडकला. त्याचा काटा बोटात गेला की हात सुजतो, आणि तिला जवळचं नीट दिसत नव्हतं. मी कपडे धुवायचे थांबले आणि मासा कल्ल्यामागे धरून अलगद सोडवून दिला. ती माझ्या हाताकडे बघत राहिली.

"नोनी, कोन सिखाइस तोला?"

नोनी म्हणजे पोरी. मी नुसती हसले. तिला समजलं आणि तिनेही ते पोटातच ठेवलं. पुढे जाळं फाटलं की ती ते माझ्या धुण्याच्या दगडाजवळ आणून ठेवायची आणि कपडे वाळेपर्यंत मी गाठी मारून द्यायची. रायपुरात मी मोकळी होते ती फक्त तिच्यापाशी.

मग रायपूर राजधानी झालं. आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, पक्की घरं उठली. समता कॉलनीतून एका साहेबाचं कुटुंब आमच्या शेजारी राहायला आलं. धाकटे दीर नव्या कार्यालयांमध्ये अर्ज टाकत होते, काही जमत नव्हतं. ब्राह्मणपाऱ्यातल्या पंडितांनी सासूबाईंना उपाय सांगितला: थोरल्या सुनेच्या हातून तलावात अकरा जिवंत मासे सोडा.

भनपुरीच्या रस्त्यावर ट्रकमधून टाक्यांत जिवंत मासे यायचे. सासूबाई, मी आणि ती शेजारीण, अशा तिघी गेलो. टाकीवाला म्हणाला, "मांगूर ले जाओ अम्मा. एकदम देसी. आसानी से मरता नहीं."

मी वाकून पाहिलं. अंगावर राखेसारखे डाग, डोकं रुंद आणि मागे टोकदार. आपला मांगूर असा नसतो. शेजारच्या गावच्या तलावात एका ठेकेदाराने हे बाहेरचे मांगूर टाकले होते, तेव्हा वडिलांनी मला मुद्दाम नेऊन दाखवले होते. हा पाण्यात आला की बाकी कोणी उरत नाही, म्हणाले होते.

मी सासूबाईंचा पदर ओढला. "आई, हे नको."

"काहून?"

शेजारीण हसली. "क्यों, बहू को मछली की पहचान है क्या?"

सासूबाईंचा चेहरा ताठ झाला. "इसको क्या समझता है? खेतीवाले घर की है. मछली देखके डरती है." आणि माझ्याकडे असं पाहिलं की पुढचा शब्द मी गिळला. एवढंच सांगायचं होतं की हा देशी नाही. पण मग कसं ओळखलंस, हे आलंच असतं.

तलावावर त्या म्हणाल्या, "सावली हाय तिथं सोड." सावली त्या कोपऱ्यात होती. मनात आलं, घमेलं काठावरच उपडं करावं, हात निसटला म्हणावं. पण मांगूर चिखलातूनही सरपटत पाण्यात जातो. मी एकेक करून अकराही सोडले. ते फांद्यांखाली शिरले. शेजारणीने हात जोडले.

दिरांना नोकरी लागली. दोन पावसाळ्यांनंतर केवटाच्या जाळ्यात कोतऱ्यांसारख्या लहान मासोळ्या येईनाशा झाल्या, टेंगनाही दिसेना. यायचे ते हातभर लांबीचे राखाडी मांगूर. त्यांनी बदकाचं पिल्लू ओढून नेलेलंही लोकांनी पाहिलं. पाऱ्याच्या समितीने ठरवलं की लवकर वाढतात म्हणून केवटानेच ते चोरून टाकले. माझे यजमान समितीत होते, त्यामुळे बैठक आमच्याच ओसरीवर झाली. म्हाताऱ्याला पायरीवर उभं ठेवलं होतं.

"मेरा ही तालाब मैं काहे बिगाड़ूँगा साहब?" तो म्हणत होता.

"तेरा कब से हो गया?" कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

मी चहा घेऊन दारात आले. केवटिणीने मला पाहिलं. मासे कोणी सोडले, हे तिला माहीत नव्हतं. तिला वाटलं, आपलं माणूस आलं.

"नोनी, तैं तो चिन्हथस. तहीं बता, जाल वाला आदमी ए मछरी डारही का?"

तुला तर ओळख आहे, तूच सांग, जाळंवाला माणूस हा मासा टाकेल का? सगळे माझ्याकडे बघू लागले. सासूबाई आतून बाहेर आल्या. यजमानांनी चहाच्या कपाकडे नजर लावली.

"मले नाही समजत मासोळीतलं," मी म्हटलं.

ती पायरी उतरून चालू लागली. म्हाताऱ्याचा मासे धरायचा ठेका काढून घेतला गेला. कोपऱ्यातलं गवत मशीनने ओढलं, काठ सिमेंटचे झाले, भोवती दिवे लागले. आता लोक संध्याकाळी कणकेच्या गोळ्या टाकतात आणि मांगूर तोंडं वर काढतात. सासूबाई पाहुण्यांना तिथे नेऊन सांगतात की आमच्या सुनेच्या हातची मासोळी आहे, हात चांगला आहे तिचा. दोन-तीन घरांनी आपले मासे सोडायलाही मला बोलावलं. डोकं दुखतं म्हणून मी गेले नाही.

गेल्या महिन्यात यजमानांबरोबर भनपुरीच्या रस्त्यावर मासे घ्यायला गेले होते. टाकीमागे केवटीण बसली होती, एकटीच. म्हाताऱ्याचं मी विचारलं नाही. तिने राखाडी मांगूर उचलून माझ्यासमोर धरला. अंगठा बरोबर कल्ल्यामागे.

"देसी है मैडम. ले जाइए."

यजमान म्हणाले, "घेऊन टाक, देसी हाय म्हनते."

मी पिशवी पुढे केली. घरी आणून कापला, रस्सा केला. सगळ्यांनी दोनदा वाढून घेतला.