सुखीबाईच्या झिऱ्याची कॉफी

पांढरकवड्याहून टिपेश्वरच्या जंगलाकडं वळलं की सदाशिवरावाचं वावर लागते. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून वावर मोकळं झालं की उन्हाळ्यात धुऱ्यावरच्या मोहाच्या झाडाखाली एक पांढरी लांबलचक गाडी येऊन उभी राह्यते. आत पलंग, आत गॅस, आत संडास. नागपूरचा मालक तिले कॅराव्हॅन म्हणते. नाल्यापलीकडच्या बंजाऱ्यांच्या तांड्यात तिचं नाव घरगाडी. वाघ पाहायले येणारे लोक दोन-तीन रोज तिच्यात राह्यतात. तिचा ड्रायव्हर, आचारी अन् झाडूवाला हा सगळा मिळून एकच माणूस, हिरासिंग.

हिरासिंग त्याच तांड्यातला. वीस वर्षं त्यानं हैदराबादच्या रस्त्यावर ट्रक हाणला, मंग बायकोपोरं घेऊन पांढरकवड्याले राह्यला. गाडी पहिल्यांदा आली तवा तांड्यातली म्हातारी सुखीबाई तिच्या भोवती एक चक्कर मारून म्हणाली, "आपल्या बुढ्यायनं बैलावर मीठ लादून संसार गावोगाव फिरवला, तं लोक म्हनत याह्यले घर ना दार. अन् हे घर घेऊन फिरतात तं सायब."

हिरासिंग तिले काकी म्हणे, पण ती त्याची काही सख्खी काकी नाही. आईच्या शेजारची. आई मेल्यावर दोन वर्षं तो हिच्याच चुलीवरची बाटी खाऊन वाढला. हे तिनं कधी बोलून दाखवलं नाही, अन् तो कधी विसरला नाही.

कॉफी तो ट्रकवर असताना शिकला, कर्नूलजवळच्या एका ढाबेवाल्यापाशी. एकावर एक बसणारे दोन स्टीलचे डबे, वरच्याच्या बुडाले बारीक छिद्रं. वर भुकटी टाकायची, बोटानं सारखी करायची, दाबायची नाही. पाणी उकळलं की खाली उतरवून शंभर आकडे मोजायचे, तवाच वतायचं. उकळतं टाकलं की भुकटी जळते. मंग झाकण ठेवून गप बसायचं. काढा थेंबाथेंबानं खाली उतरते, त्याले घाई चालत नाही. दूध म्हशीचं, तांड्यामागच्या सदाशिवरावाच्या गोठ्यातलं. गाडीत मालकानं कॉफीची चकचकीत मशीन दिली होती, पण ती बॅटरीवर लावली की फ्रिज बंद पडे. हिरासिंगनं ती दुपट्ट्यात बांधून पलंगाखाली सरकवली.

हे सगळं बराबर करूनही सुरुवातीले कॉफी जमेना. खोट पाण्यात होती. गाडीच्या टाकीत सदाशिवरावाच्या बोअरचं पाणी. जड, खारं, केटलीच्या बुडाले आठ दिवसांत पांढरी खपली. त्याच्यात भुकटी फुगतच नाही, चिखलासारखी बसते. पांढरकवड्याहून जारचं पाणी येई, पण त्याले कायचीच चव नाही.

एक दिवस जारचा ऑटो आला नाही अन् पाहुणे तं उठून बसले. हिरासिंग कॅन घेऊन नाल्यात उतरला.

एप्रिलात नाला वाहत नाही. रेती कोरडी दिसते, पण दोन हात खोदलं की खाली पाणी पाझरते. त्या खड्ड्याले झिरा म्हणतात. तांड्यातल्या दरेक घरानं आपला झिरा आपल्या हातानं खोदायचा, त्याच्यावर बोरीची काटेरी फांदी टाकायची. रातभर त्याच्यात दोन गुंड, म्हणजे दोन घागरी, पाणी साचते. सकाळी ज्याचा झिरा त्यानं भरायचं. तहानेल्या माणसानं कोणाच्याही झिऱ्यावर ओंजळ मारावी, त्याले मनाई नाही. पण दुसऱ्याच्या झिऱ्यात भांडं बुडवायचं नाही. अन् ज्याची चूल तांड्यात पेटत नाही त्याले झिरा नाही. हिरासिंगच्या आईचा झिरा होता ती जागा आता सपाट रेती होती.

जांभळाच्या मुळापाशी सुखीबाईचा झिरा. साऱ्या नाल्यात गोड पाणी तिचं. हिरासिंगनं फांदी उचलली, कॅन बुडवला, फांदी होती तशी परत ठेवली. काट्याचं तोंडसुद्धा त्याच बाजूले केलं. 'एक केटली पाण्यानं काय होते,' तो मनात म्हणाला.

त्या रोजची कॉफी जमली. भुकटी अशी फुगली की झाकण उचललं गेलं.

पाहुण्यांनी मोबाइलवर काय लिहायचं ते लिहिलं. चार रोजांनी मालकाचा, गोपालभाऊचा, नागपूरहून फोन. "काय केलं बे हिरासिंग? लोक म्हनतात अशी कॉफी जिंदगीत नाई पेली. आता हेच ठेव. मी जाहिरातीत टाकून राह्यलो, जंगलच्या झऱ्याची कॉफी."

केटलीचा पाच लिटरचा कॅन झाला. मंग दोन कॅन. उजाडायच्या आत हिरासिंग नाल्यात, सुखीबाई यायच्या आधी परत. तिले विचारता आलं असतं. पण विचारलं तं ती नाही म्हणणार नाही, हे त्याले पक्कं माहीत होतं. ती देईन अन् स्वतः खारं पाणी पीन. म्हणून त्यानं विचारलं नाही. मागण्याची लाज वाटली, चोरण्याची वाटली नाही.

तांड्यात सुखीबाईचा दुसरा गुंड भरेना. तिच्या झिऱ्याच्या वर, चार हातांवर, प्रेमसिंगच्या बायकोचा, बबिताचा झिरा. यंदा तिनं तो कमरेइतका खोल खोदलेला. सुखीबाईले दुसरं कारण दिसलंच नाही. तिनं साऱ्या तांड्यात आवई उठवली की बबितानं माझं पाणी ओढलं. गोष्ट तांड्याच्या मुखियापर्यंत, धावजी नाईकापर्यंत गेली.

सकाळीच नाईकाच्या निंबाखाली माणसं जमली. हिरासिंग दूध घेऊन तिथूनच चाललता. धावजीनं त्याले हाक मारली. "बस बे ड्रायव्हर. तू देश फिरला. सांग, वरचा झिरा खोल केला तं खालच्याचं पानी तुटते काय?"

बबिता डोक्यावरचा पदर घट्ट धरून उभी होती. "मी खोल खोदला तं मले जास्त पानी याले पायजे होतं का नाई?" ती म्हणाली. "माह्या झिऱ्यात येऊन पाहा ना. पह्यले होतं तेवढंच हाय."

"मंग माह्यं कोठी गेलं?" सुखीबाई म्हणाली. "वाघ पेला?"

लोक हसले. हिरासिंगच्या हातात दुधाची बरणी, बरणीतल्या दुधाची थोड्या वेळात कॉफी होणार होती, सुखीबाईच्याच पाण्यात. धावजी त्याच्या तोंडाकडं पाहून राह्यलेला.

"होते कधी कधी," हिरासिंग म्हणाला.

तेवढेच तीन शब्द. धावजीनं निकाल दिला की बबितानं झिरा बुजवायचा. त्याच दुपारी तिनं तो पायानं रेती लोटून बुजवला.

मंग बबिता डोक्यावर गुंड घेऊन सदाशिवरावाच्या बोअरवर येऊ लागली, गाडीच्या समोरूनच. हिरासिंगनं चार सकाळी नाल्यात जाणं बंद केलं. पाचव्या रोजी गोपालभाऊचे खास पाहुणे आले, अन् तो पुन्हा कॅन घेऊन उतरला. पण आता त्याले जेवण जाईना. बायकोनं विचारलं तं म्हणाला, गर्मीनं होते. एक रोज त्यानं पाण्याचा जार खांद्यावर घेतला अन् बबिताच्या दारात नेऊन ठेवला.

"हे कायले, दादा?"

"उरला होता गाडीत."

"बरं झालं बापा. त्या बोअरच्या पान्यात तुरीची डाळ दोन घंटे ठेवली तरी शिजत नाई." तिनं जार आत ओढला. "तुह्यावर माहा राग नाई. तुले विचारलं, तू जे होते ते सांगतलं. बाकीच्यायनं तं तोंडच उघडलं नाई."



दोन रोजांनी सुखीबाई टोपलीत तेंदूची पिकली टेंभरं घेऊन गाडीवर आली. पुण्याची एक पाहुणी होती, दिपाली. तिनं टेंभरं घेतली अन् म्हाताऱ्या बाईले उन्हात उभं ठेवणं बरं नाही म्हणून खुर्ची दिली. "आजी, आधी पाणी घ्या. मग हिरासिंगभाऊंची कॉफी." हिरासिंग फिल्टरवर झाकण ठेवत होता. तो वळेस्तोवर दिपालीनं त्याच्याच कॅनमधून गिलास भरून दिला होता.

सुखीबाईनं एक घोट घेतला. थांबली. दुसरा घेतला, तोंडात फिरवला. गिलास उन्हाकडं धरून बुडाची रेती पाह्यली. जांभळाच्या मुळाचा तो तुरटपणा तिच्या जिभेवर चाळीस उन्हाळे होता.

"पानी कोठून आनतं, हिऱ्या?"

"नाल्यातून, काकी."

"नाल्यातून साराच तांडा आनते. कोनाच्या झिऱ्यातून?"

हिरासिंगनं फिल्टरवरचं झाकण उचललं अन् पुन्हा ठेवलं. काढा उतरत होता, टप, टप.

सुखीबाईनं कॉफी येऊ दिली. सगळी पेली, तळापर्यंत. "चांगली होते," ती म्हणाली. "मी त्या पोरीच्या घरी जाऊन तिले चोट्टी म्हनून आली. तिच्या लेकरायसमोर. आता नाईकाले तू सांगतं का मी सांगू?"

"मी सांगतो."

"आत्ताच जाय. माह्या पायात अजून जोर हाय, नाई तं मी पोचीन पह्यले."

धावजीनं ऐकून घेतलं. शिवी दिली नाही, तेच हिरासिंगले जड गेलं. तो एवढंच म्हणाला, "तुले आमी जानकार म्हनून विचारलं होतं." मंग म्हणाला, बबिताचा झिरा तुझ्या हातानं खोदून दे.

हिरासिंगनं साऱ्या तांड्यासमोर खोदला. कमरेइतका, काठाले दगड लावून, तळाची गाळरेती ओंजळीनं काढून. लेकरं काठावर बसून पाहत होती. पाणी यायले लागलं तसा तो वर आला, फांदी आणून झाकली.

सकाळी बबिता गुंड घेऊन आली. फांदी बाजूले केली, आत पाह्यलं, दोन गुंड पाणी साचलं होतं. तिनं पायानं रेती लोटून तो झिरा बुजवून टाकला अन् हातभर अंतरावर बसून दुसरा खोदायले लागली. प्रेमसिंग म्हणाला, अवो, तयार होता ना. ती म्हणाली, "माहा झिरा माह्या हातचाच पायजे." सुखीबाई तिच्या बाजूले येऊन बसली अन् रेती ओढू लागली. तिले बबितानं मना केलं नाही.

घरगाडीत आता जारचं पाणी. मालकाचा फोन येते. "चव काहून उतरली बे?"

"पानी बदललं, भाऊ."

"मंग जुनंच आन ना."

हिरासिंग फोन ठेवते अन् शंभर आकडे मोजायले लागते. पुढच्या उन्हाळ्यात नोकरी राह्यते का नाही, त्याले माहीत नाही. पाण्यासाठी नाल्यात तो उतरत नाही. पण तांड्यात जायची वाट नाल्यातूनच आहे. जाता-येता त्याले झिरे दिसतात. पहिले त्यांच्यावर नुसती बोरीची फांदी असे. आता दरेक फांदीवर एक एक दगड ठेवलेला राह्यते, कोणी हलवला तं सकाळी समजावं म्हणून.