ताईच्या इमारतीतली पेटी

लिफ्टच्या कंपनीत त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं. बाकी सगळ्यांसाठी ते टेस्टरमामा. खिशात टेस्टर आणि मनात संशय असल्याशिवाय हा माणूस घराबाहेर पडत नसे. घरी नवा बल्ब लावला तरी तीनदा चालू-बंद करून बघत आणि मग बायकोलाही एकदा करायला लावत. ती बिचारी करायची.

या वर्षी मामांच्या मागे एकच काम लागलं होतं. प्रत्येक लिफ्टमध्ये मदतीसाठी बोलायची पेटी असते. आत अडकलेल्याने बटण दाबलं की पेटीतलं सिम कंपनीच्या ऑफिसात फोन लावतं. या पेट्या मोबाइलच्या जुन्या नेटवर्कवरच्या, आणि ते नेटवर्क आता कायमचं बंद होणार होतं. मामांनी चार महिन्यांत बासष्ट नव्या पेट्या बसवल्या. नवी पेटी जुनीच्या शेजारी लावायची, बटणाची वायर जुनीतून काढून नवीत घालायची, बोलून बघायचं, आणि तरीही जुनी पेटी आठवडाभर तशीच ठेवायची, ही त्यांची पद्धत.

नेटवर्क दुपारी बाराला बंद व्हायचं होतं. त्या दिवशी पावणेबाराला मामा ऑफिसात पाय पसरून बसले होते. फोनवर बसणारी बाई सहज म्हणाली, "मामा, नव्या पेट्यांतून तुमचा आवाज कसा खणखणीत येतो. फक्त परवा तुमच्या ताईंच्या इमारतीतून नुसती घरघर."

मामा ताडकन उठले. घरघर म्हणजे जुनी पेटी! परवा ते वायर बदलणार इतक्यात ताई चहा घेऊन आली होती आणि "गार होईल, आधी पी" म्हणाली होती. वायर राहिली जुनीतच, आणि चहा पिऊन त्यांनी ऐटीत तपासली तीही जुनीच. सगळ्या जगावर संशय घेणारा माणूस स्वतःच्या हातांवर मात्र डोळे मिटून विसंबला होता.

ताईला दमा होता. रोज बाराच्या सुमाराला ती दवाखान्यातून वाफ घेऊन परत यायची, आणि तिच्या इमारतीतली लिफ्ट लहरी. आई गेल्यावर मामांना तिनेच वाढवलं होतं. त्यांनी तिला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. ताईचा मोबाइल नेहमीप्रमाणे घरीच असणार.

ते पोचले तेव्हा सव्वाबारा झाले होते. लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे अडकली होती.

"ताई!" मामा जिन्यातूनच ओरडले.

"ओरडतोस काय? मी बहिरी नाही," आतून आवाज आला. दम लागलेला, पण आवाज ताईचाच. मामांनी भिंतीला हात टेकला. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते त्यांना त्या दिवशी कळलं.

गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत जाऊन त्यांनी लिफ्ट हाताने तिसऱ्या मजल्यावर आणली आणि धावत खाली येऊन दार उघडलं. ताई पिशवीवर बसून होती, हातात दम्याचा पंप.

"छान आहे रे तुझी पेटी," ती म्हणाली. "बटण दाबलं, कुणी बोललं नाही. पण दहा मिनिटांत तू हजर!"

आता गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. मामांचे डोळे भरून आले. "ताई, पेटी मेलेली होती गं. वायर बदलायची राहिली माझ्याकडून. तुझ्या बटणाने नाही आलो मी."

ताईने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "मग बदल की. रडतोस काय?"

मामांनी वायर बदलली. या वेळी स्क्रू दोनदा आवळले. "आता तू बाहेर थांब, मी एकटा वर-खाली जाऊन बघतो," ते म्हणाले.

ताई आधीच आत जाऊन उभी राहिली होती. तिने बटण दाबलं. क्षणभरात ऑफिसातल्या बाईचा आवाज शेजारी उभं राहून बोलल्यासारखा स्वच्छ आला, "बोला, कोण अडकलंय?"

"कुणी नाही बाई," ताई म्हणाली आणि भावाला हाताला धरून आत ओढलं. "आम्ही दोघं घरी चाललोय."