गोठ्यातली पंगत

सबंध अष्टागरात माझ्या धाकट्या काकांइतका मासळीचा दर्दी दुसरा झाला नाही, आणि त्यांनी जन्मात मासळी चाखली नाही. मांदेली आजच्या जाळ्यातली की कालची, हे ते टोपलीत नुसतं डोकावून सांगत. आमच्या चौलच्या आळीत कांदा चिरायचा तर लोक आधी दार लावून घेत. त्या आळीतून हे गृहस्थ रोज सकाळी रेवदंड्याच्या किनाऱ्यावरून ओली करंडी घेऊन भर रस्त्यानं येत. करंडीवर केळीचं पान झाकलेलं असे. त्या पानाचा उपयोग एवढाच, की आत काय आहे याबद्दल कोणाला शंका उरत नसे.

ही सगळी यातायात कुत्र्यांसाठी. उरणच्या मिठागरांवरची नोकरी संपवून काका घरी परतले, ते दोन कुत्री आणि एक मत घेऊन. मत असं, की चूल माणसासाठी आहे आणि कुत्र्याच्या पोटात शिजवलेलं गेलं की त्याचं वाटोळं झालंच. "माणसाचं काय झालं ते बघ ना," ते मला म्हणत. "चाळिशीत चष्मा, पन्नाशीत कवळी. सगळी चुलीची कृपा." हे सांगताना ते स्वतः मऊ भात ताकात कालवत असत, कारण त्यांच्या तोंडात दात असा राहिलाच नव्हता. कुत्र्यांची नावं ती ज्या तिथीला सापडली त्यांवरून ठेवलेली. कुत्रा पाडवा, आणि कुत्री अष्टमी. काकांना मूलबाळ नव्हतं, म्हणून आळीतले लोक या नावांना हसत नसत. निदान तोंडावर तरी नाही.

रिकाम्या गोठ्यात त्यांनी कुत्र्यांचं स्वयंपाकघर मांडलं होतं. आता ज्या ठिकाणी काही शिजतच नाही त्याला स्वयंपाकघर कसं म्हणावं, पण काका म्हणत. तिथे वेगळा पाटा-वरवंटा होता. मासळीची डोकी काट्यांसकट त्यावर ठेचायची, त्यात कच्चं अंडं टरफलासकट फोडायचं, खाटकाकडून आणलेली वजडी बारीक करायची, वर ओल्या नारळाचा चव भुरभुरवायचा. जन्म मिठात गेलेला माणूस, पण यात मिठाचा खडा पडू देत नसे. मग केळीच्या पानांवर दोन वाढपं व्हायची आणि काका समोर उकिडवे बसून हातानं घास भरवायचे. मला ते बघवत नसे. बघायला मात्र मी दर सुट्टीत अलिबागहून शाळा संपताच येत असे.

मासळी देणारी नागूबाय त्यांची रोज थट्टा करी. "अवो काका, तुमची कुतरी माज्या दादल्यापरीस ताजं खातान, व्हय का न्हाय?"

"दादल्याला शिजवून घालतेस ना? तिथंच तुझं चुकतं," काका गंभीरपणे सांगत.

काकूनं या सगळ्याला कधी नाही म्हटलं नाही. तिची एकच अट होती: मासळीला हात लागला की विहिरीवर डोक्यावरून अंघोळ, त्याशिवाय उंबरठ्याच्या आत पाऊल नाही. काकांनी ती अट जन्मभर पाळली. थंडीत, पावसात, कुत्र्यांच्या दोन्ही जेवणांनंतर. ओला पंचा नेसून कुडकुडत दारात उभे राहत आणि काकू आतून कोरडं धोतर फेके. दोघांच्या संसारातलं प्रेमाचं म्हणावं असं दृश्य मला तरी तेवढंच आठवतं.

पण खरं सोवळं पाळत ती कुत्रीच. काकांच्या हाताशिवाय ती कोणाच्या हातचं खात नसत. एका वर्षी आळीत पिसाळलेलं कुत्रं शिरलं आणि गावकऱ्यांनी विष घातलेल्या भाकरीचे तुकडे जागोजाग टाकले. सकाळी आळीतली सगळी कुत्री आडवी झाली होती. आमच्या दारातल्या तुकड्याला मात्र तोंड लागलेलं नव्हतं. मला वाटलं, काका आता आपल्या मताची दवंडी पिटतील. त्यांनी कुदळ उचलली. मेलेली कुत्री त्यांनी एकेक करून किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनात नेली आणि पुरली. परत आल्यावर एवढंच म्हणाले, "भाकरीच्या सवयीनं गेली बिचारी. कोणीही टाकलं की विश्वास ठेवायची." त्या दिवशीही विहिरीवर अंघोळ झालीच.

पुढे पाडवा म्हातारा होऊन गेला. अष्टमी राहिली. आणि एका आषाढात, होड्या वर ओढलेल्या असताना, खाडीतली थोडी मासळी मिळवायला काका अंगात कणकण घेऊन पावसातून गेले. आले, अष्टमीला भरवलं, विहिरीवर गेले. काकूनं नेहमीसारखं आतून धोतर फेकलं. रात्री ताप चढला, तो उतरलाच नाही.

अष्टमी गोठ्यात पाट्याजवळ बसून राहिली. दिवस करायला थांबलेल्या मी दूधभात ठेवला, तिनं हुंगला नाही. नागूबायनं खाडीतली बोयटं आणून दिली. ती मी ठेचून माझ्या हातानं पुढे केली. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान फिरवली. जिच्यापायी ती विषातून वाचली, तीच सवय आता तिचा जीव घेणार, हे मला दिसत होतं. तिच्या बरगड्या दिसायला लागल्या. काकू मागच्या दारातून बघायची आणि आत जायची.

दहाव्या दिवशी आम्ही पिंड ठेवला. कावळा शिवला नाही तर काय काय कबूल करायचं हे मी मनाशी जुळवून ठेवलं होतं. त्यात अष्टमी पहिली. पण पिंड ठेवून मी मागे सरतोय तोच कावळा आला आणि शिवला. भटजी म्हणाले, तृप्त जीव. सगळ्यांना हायसं वाटलं.

घरी आलो तर काकू मागच्या दारातच उभी.

"वेळ लागला का रे?"

"छे गं. लगेच शिवला."

तिचा चेहरा पडला. "लगेच?"

"हो. का गं?"

"मला वाटलं, अडेल. मग तुमच्यातलं कोणीतरी धावत येईल, विचारील, काय राहिलंय म्हणून. मी सांगणार होते, अष्टमीचं मी बघेन. तसं कबूल करून ठेवलं असतं, की मग मासळीला हात लावला म्हणून कोणी मला काही म्हणालं नसतं." तिनं गोठ्याकडे बघितलं. "काही मागितलंच नाही रे त्यांनी. अंगात ताप होता, तरी म्हणाले नाहीत, आज अंघोळ राहू दे. आणि मीही म्हटलं नाही."

मी काही बोलायच्या आत ती अंगणात उतरली. नागूबाय नुकतीच मासळी ठेवून निघाली होती. नाकाला पदर लावून काकू पाट्याशी बसली आणि वरवंटा उचलला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मध्येच तिला उमासा येई, पण हात थांबला नाही. नागूबाय कुंपणापाशी थबकली. "काकी, काटं बारीक करा हां, म्हातारी हाय ती," एवढं म्हणून ती गेली.

काकूनं घास पुढे केला. अष्टमीनं तिचं बोट न् बोट हुंगलं, बराच वेळ. इतकी वर्षं काकांचं धोतर फेकणारे हात. मग तिनं तोंड उघडलं.

पान संपलं, तरी काकू तिथेच बसून होती आणि अष्टमी तिचा तळवा चाटत होती. पाऊस भुरभुरायला लागला. सवयीनं मी विहिरीवर जाऊन पाणी काढलं, बादली भरून ठेवली आणि तिला हाक मारली.

"राहू दे रे," काकू म्हणाली. "आज अंघोळ राहू दे."