सुईखाली मोडलेला खडा
इडलीचं पीठ आंबल्याचा वास आला की मला खारघरची लॅब आठवते, कारण तिथल्या बॅक्टेरियाच्या फ्लास्कना तसाच वास यायचा. पेशीला ‘वाढ थांबव’ असा निरोप पोचवणाऱ्या प्रोटीनचा एक छोटा भाग, म्हणजे डोमेन, आम्ही त्या बॅक्टेरियाकडून बनवून घ्यायचो. त्याचे स्फटिक झाले तरच रचना कळणार होती, पण वर्षभर जमत नव्हतं आणि माझ्या संशोधनाच्या गाईड मॅडम विषय बदलायचं बोलू लागल्या होत्या. एका दुपारी सूक्ष्मदर्शकाखाली थेंबात खडे चमकले. “मिठाचे असतील गं,” मॅडम म्हणाल्या. “सुई लावून बघ. मीठ टणक असतं, प्रोटीन लगेच चुरतं.” श्वास रोखून मी एका खड्याला सुई लावली आणि त्याचा भुगा झाला. “मोडला!” मॅडम ओरडल्याच, आणि त्यांनी मला मिठी मारली. आज मी वर्गात त्या स्फटिकांवरून कळलेली डोमेनची रचना शिकवते, तेव्हा माझा आवाज आनंदाने आपोआप चढतो.