जाळं आमच्याच जीपमधून गेलं

“साहेब, मोहाटोलीत डुकरं मरून रायली,” असा फोन आला तेव्हा मी ‘साथ आटोक्यात आली’ असं पत्र वरिष्ठांसाठी टाईप करत होतो. फोनवर तिथली डुकरं पाळणारी सुकवंताबाई होती. किती मेली, विचारलं. “काल दोन. आज सकारी तीन. कान निळे पडले जी.”

कान निळे म्हटल्यावर पुढचं ऐकायची गरज नव्हती. टाईप केलेलं पत्र मी पुसून टाकलं.

मी सरकारी पशुवैद्यक. गोंदिया जिल्ह्यात नोकरीची बरीच वर्षं गेली. गाय, म्हैस, बकरी यांच्या रोगांशी माझी ओळख जुनी. पण आफ्रिकन स्वाइन फीवर मी फक्त ट्रेनिंगच्या स्लाइडवर पाहिला होता. नाव ऐकून लोक घाबरतात, म्हणून आधीच सांगतो. हा तो माणसांचा स्वाइन फ्लू नव्हे. माणसाला हा होत नाही. डुकराला मात्र झाला की ताप येतो, खाणं सुटतं, कानावर-पोटावर निळे-लाल चट्टे उठतात आणि आठवड्याच्या आत बहुतेक सगळा खेळ खलास. औषध नाही. आमच्या हातात लसही नाही. उपाय एकच, आणि तो करताना डॉक्टर म्हणवून घ्यायची लाज वाटते. जिथे रोग सापडला तिथून एक किलोमीटरच्या आतली सगळी डुकरं, आजारी असोत की धडधाकट, मारून चुन्यासकट खोल पुरायची. याला आम्ही कलिंग म्हणतो. त्यापुढे दहा किलोमीटरपर्यंत नुसती नजर ठेवायची, रक्ताचे नमुने घ्यायचे.

बोदलकसाच्या बाजूला खैरटोल्यात आम्ही ते कलिंग दोन आठवड्यांपूर्वी केलं होतं. तहसील, पोलीस, पंचायत, आम्ही, सगळे एकदिलाने. सरकारी खाती असं एकत्र काम करताना मी क्वचितच पाहिलंय. जेसीबी वेळेवर आला, चुना वेळेवर आला. आमचे पांढरे सूट, हातमोजे तिथेच खड्ड्यात जाळले. गमबूट औषधात बुडवले. जीपची चाकं फवारली. कागदावर बोट ठेवायला जागा नव्हती.

अडचण एकच होती. इकडची डुकरं मोकळी हिंडतात, आणि आमच्यापैकी कुणालाच ती पकडता येत नव्हती. पहिल्या दिवशी माझा परिचर चिखलात दोनदा आडवा झाला, गाव पोट धरून हसलं. मग खैरटोल्याचाच झनकलाल पुढे आला. त्याच्याकडे सुती दोराचं जाडजूड जाळं होतं, आजाच्या वेळचं. त्याने स्वतःची डुकरं स्वतः पकडून दिली, मग गावाची. एकदा जाळं फेकलं की काम फत्ते. मी त्याच्यावर इतका खूश झालो की नमुने घ्यायला पुढच्या टोल्यांवरही, म्हणजे आसपासच्या वस्त्यांवरही, त्यालाच घेऊन गेलो. आमच्याच जीपमधून.

मोहाटोली त्यातली पहिली. तिथे लोक आधीच डुकरं जंगलात हाकलायच्या बेतात होते. सुकवंताबाईने त्यांना अडवलं. डॉक्टर आपल्या भल्यासाठीच येऊन रायले, असं तिने घरोघर सांगितलं. तिची एक डुकरीण नुकतीच व्यायली होती, नऊ पिल्लं. घराचं पुढचं वर्ष त्यांच्यावरच निघायचं होतं.

“रगत कायले काढता जी? माही डुकरं तं चांगली हायेत.”

“चांगली आहेत हे कागदावर यावं म्हणून.”

“मंग वाचतील ना?”

“वाचतील. माझा शब्द.”

नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले, निगेटिव्ह आले. मी फोन करून तिला सांगितलं. आणि पाच-सहा दिवसांनी तिचाच फोन.

मी मोहाटोलीत पोचलो तेव्हा तिच्या अंगणात डुकरीण कुशीवर पडली होती. पिल्लं तिला ढुसण्या देत होती. मी नवे नमुने घेतले, अहवाल पॉझिटिव्ह आला. पण रोग आला कुठून? या टोलीचा रस्ता वेगळा, बाजार वेगळा. हा रोग मांसातूनही येतो आणि साथीमुळे बाहेरचं डुकराचं मांस आणायला बंदी होती, म्हणून ते कुणी आणलं का, असं घरोघर विचारलं. सुकवंताबाई भडकली. “बंदी हाये ना? मंग कायले आनू?”

दवाखान्यात येऊन मी दोन कागद शेजारी ठेवले. एकावर डुकरं कोणत्या घरी आधी मेली त्याचा क्रम. दुसऱ्यावर आम्ही नमुने कोणत्या घरी आधी घेतले त्याचा क्रम. चार घरं. सुकवंताबाई पहिली. दोन्ही कागदांवर क्रम एकच. हातच्या कांकणाला आरसा कशाला! रक्त घेतलं तेव्हा डुकरं निरोगीच होती. रोग त्यांना रक्त घेताना लागला. सूट जाळले होते, गमबूट औषधात बुडवले होते; खैरटोल्यातून तसंच मोहाटोलीत गेलेलं एकच उरत होतं, जाळं.

झनकलालला बोलावलं. “खैरटोल्यानंतर जाळं धुतलं होतंस?”

“नाई जी. सुती दोर हाये. ओला झाला का सडते. आमी कधीच नाई धुवत.”

“सांगितलं का नाहीस?”

“तुमी कुठी इचारलं?”

खरंच होतं. माझ्या चेकलिस्टमध्ये गमबूट होते, सूट होते, चाकं होती. जाळं सरकारी सामान नव्हतं, म्हणून यादीत नव्हतं. चाकं फवारून आम्ही त्याच जीपमध्ये रक्तात भिजून वाळलेलं जाळं पायाशी ठेवून निघालो होतो. झनकलालने त्याच दिवशी जाळं आमच्यासमोर जाळलं आणि मान खाली घालून घरी गेला.

अहवाल लिहायच्या आधी आमच्या खात्याच्या उपायुक्तांना फोन केला. “संभाव्य स्रोत काय लिहिताय?” त्यांनी विचारलं.

“आमच्या टीमचं जाळं, सर.”

पलीकडे त्यांनी केबिनचं दार लावल्याचा आवाज आला. मग, “अहो, बाहेरून आणलेलं मांस लिहा ना. संभाव्यच तर लिहायचंय.”

“सर, मग बंदी मोडली म्हणून टोलीवर ठपका येईल. चोर सोडून संन्याशाला फाशी.”

“तुमचं तुम्ही बघा. सही तुमची आहे.”

मी जाळं लिहिलं. यात शौर्य काही नाही. दुसरं लिहिलं असतं तर त्या अंगणात पुन्हा पाय ठेवायची माझी हिंमत झाली नसती, आणि पाय तर ठेवायचाच होता. एक किलोमीटरचा नियम आता मोहाटोलीला लागू झाला होता.

कलिंगच्या आदल्या दिवशी मी सुकवंताबाईला सगळं सांगितलं.

“म्हंजे तुमी आनला रोग?”

“हो. माझी चूक.”

“आन आता उरलेली मारताबी तुमीच?”

“हो.”

ती आत निघून गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

कलिंगच्या दिवशी जाळं नाही, झनकलाल नाही. आमची सहा माणसं पांढरे सूट घालून मोहाच्या झाडांमधून पळत होती. तासाभरात एकही डुक्कर हाती लागलं नाही. घामाने सूट आतून भिजले. या वेळी गावात कुणी हसलं नाही.

मग सुकवंताबाई घरातून बाहेर आली. हातात कोंड्याचा डबा होता. ती अंगणाच्या मधोमध उकिडवी बसली, डब्यावर हाताने थापटलं आणि लांब सुरात हाक दिली, “आ... ले ले ले...”

झुडपांमधून डुकरं बाहेर आली. तिची आली, शेजारची आली, उरलेली चार पिल्लं धडपडत आली. तिच्याभोवती गोळा होऊन कोंडा खाऊ लागली. आम्ही जागच्या जागी उभे राहिलो.

एका पिल्लाच्या पाठीवर हात ठेवून ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “त्या दिवशीबी अशीच आली असती जी. मले सांगतलं असतं तं. जाळं काऊन आनलं?”

इतक्या वर्षांच्या नोकरीत जनावराच्या मालकाला ‘याला कसं पकडायचं?’ हा एक प्रश्न विचारायचं मला सुचलं नव्हतं. पकडायचं म्हणजे जाळं, एवढंच डोक्यात. ती उठून घरात गेली, दार लावून घेतलं, आणि आम्ही आमचं काम केलं.

रोग मोहाटोलीच्या पुढे गेला नाही. मला कारणे दाखवा नोटीस आली. खुलाशात मी एक ओळ लिहिली, ‘चूक मान्य आहे.’ त्यावर पुढे काही झालं नाही, आणि त्याचंही मला वाईट वाटलं.

आता आमच्या नमुन्याच्या फॉर्मवर मी एक रकाना वाढवून घेतलाय: ‘जनावर मालकाच्या हाकेला येतं का?’ जिल्ह्यात बहुतेक ठिकाणी उत्तर ‘हो’ असंच येतं. मोहाटोलीचा फॉर्म मात्र कोराच ठेवावा लागतो. तिथे आज एकही डुक्कर नाही.