पंचनाम्यात म्हैस एकच

माझी आत्या पुतळाबाई भांडायला उठली की समोरच्यानं आधी घोटभर पाणी पिऊन घ्यावं, असं आमच्या वस्तीत सांगायचे. बारामती-इंदापूर रस्त्यावर, कालव्याच्या अलीकडं आमची बौद्ध वस्ती. दीड एकर रान, एक म्हैस आणि खणखणीत आवाज, एवढ्यावर आत्यानं नवऱ्यामागं दोन पोरी शिकवून नोकरीला लावल्या. मी तिचा सख्खा भाचा बुद्धघोष. बारामतीच्या एमआयडीसीत सुपरवायझर झालो, तरी तिच्या तोंडी लागायची हिंमत काही झाली नाही.

चौऱ्याण्णवच्या दिवाळीत तिची गाभण म्हैस चंद्री कुणीतरी दावं कापून नेली. आत्या तीन दिवस जेवली नाही. चौथ्या दिवशी पोलीस ठाण्यात जाऊन फौजदाराला म्हणाली, "चोर घावला की आदी त्याचं हात मोडा, मग नाव इचारा." मी शेजारी उभा राहून मनापासून मान डोलावत होतो. शिक्षा म्हटली की मला फार बरं वाटतं. दुसऱ्याची असेल तर.

जानेवारीत चोर सापडला, सोमेश्वरनगरला ऊसतोड कामगारांच्या तळावर. आणि निघाला कोण, तर आमच्याच गावच्या रावजीतात्यांचा अविराज! तात्यांची बागायत, वांगी-टोमॅटोचे टेंपो भरून जायचे. बापानं मोटारसायकल घेऊन दिली नाही म्हणून या वीस वर्षांच्या दिवट्यानं म्हैस पळवली. बाजारात उभी करायच्या आदल्या दिवशी ती व्याली. बाळंतीण म्हैस विकायला त्याचा हात धजेना. मग पठ्ठ्या तळावरच राहिला, दिवसा उसाच्या गाड्या भरू लागला आणि दूध तोडकऱ्यांच्या लेकरांना वाटत बसला. असला चोर मी तरी पाहिला नव्हता.

पंचनाम्यात हवालदारानं 'म्हैस एक' असं लिहिलं. रेडकू लिहायचं राहूनच गेलं. कोर्ट बोलावील तेव्हा हजर करायची, या अटीवर चंद्री घरी आली. आत्या वस्तीभर सांगत सुटली, "गेली एक, आली दोन!"

खुशी संध्याकाळपर्यंत टिकली. आत्या चरवी घेऊन धारेला बसली आणि चंद्रीनं लाथ घातली. रेडकाला लावलं तर त्याच्यापुरता पान्हा सोडायची, माणसाचा हात लागला की दूध वर ओढून घ्यायची. व्याल्यापासून तिला एकच हात माहीत होता आणि तो हात कोठडीत होता. पेंड झाली, गूळ झाला, शेवटी मी झालो. माझ्या गुडघ्यावर अजून खूण आहे.

तेवढ्यात प्रोबेशनचे साहेब गावात चौकशीला आले. पोरानं गुन्हा कबूल केला होता. पहिलाच गुन्हा, वय कोवळं. कुणी जामीन राहिलं तर तुरुंगाऐवजी दोन वर्षांच्या चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडता येईल, असं ते सांगत होते. चावडीवर एकच सूर निघाला, "चौकात बांधून फोडा त्याला." त्यात माझाही आवाज होता. साहेब रावजीतात्यांकडं गेले. तात्या म्हणाले, "मला पोरगा न्हाय," आणि दार लावून घेतलं. आत सिंधुकाकूंचं रडणं बाहेर ऐकू येत होतं. बाप जामीन राहीना, तर गाव कशाला राहतंय? म्हणजे अविराजचं येरवडा ठरल्यात जमा होतं.

इंदापूर कोर्टात तारखेला मुद्देमाल हजर करायचा होता, म्हणून आम्ही चंद्रीला टेंपोतून नेलं. आत्याच्या पिशवीत काहीतरी खणखणत होतं. मी विचारलं, तर म्हणाली, "तुज्या कामाचं न्हाय."

पोलिसांनी अविराजला बेड्या घालून आवारात आणलं. वाळला होता. चंद्रीला बघून त्याला राहवलं नाही. "काय गं बाळंतीण?" एवढंच म्हणाला. चंद्रीचे कान उभे राहिले, तिनं हंबरडा फोडला आणि सगळ्या कोर्टादेखत तिच्या कासेतून दूध ठिबकायला लागलं. आत्यानं पिशवीतून चरवी काढली. "हवालदार, एक हात मोकळा करा त्याचा. सांडतंय!" बिचाऱ्या हवालदारानं दोन्ही मोकळे केले आणि स्वतः दावं धरून उभा राहिला. वकील, पक्षकार, पट्टेवाले, सगळे गोळा झाले. हे दूध मुद्देमालात धरायचं की नाही, यावर दोन वकिलांची तिथंच जुंपली.

खटला पुकारल्यावर जज्जसाहेबांनी हसू दाबत विचारलं, "मावशी, तक्रार तुमचीच आणि जामीनही तुम्हीच राहणार?"

"व्हय साहेब. ह्याला आत ठिवलं तर माजी म्हैस आटंल," आत्या म्हणाली. मग अविराजकडं बघून आवाज उतरला. "आन् पोरगं बी आटंल."

साक्षरता वर्गात शिकलेली सही तिनं बाँडवर सावकाश केली.

अविराज आमच्या वस्तीत, आत्याच्या गोठ्याशेजारच्या पडवीत राहायला आला. डेअरीवर लोक म्हणाले, "पुतळाबाई, चोराला गोठ्याची किल्ली दिली व्हय?" आत्या म्हणाली, "माज्या गोठ्याला दारच न्हाय. किल्ली कशाची देऊ?" तो सकाळ-संध्याकाळ धार काढी, दिवसा तिचं रान बघी. वर्षभरात त्याच्या हातगुणाचा बोलबाला सगळीकडं झाला. ज्यांनी चौकात फोडा म्हटलं होतं, तेच अडेल म्हशीपायी त्याला बोलवायला वस्तीत यायला लागले. रावजीतात्या मात्र तो दिसला की रस्ता बदलायचे. पोरगं खाली मान घालायचं. हे आत्याला फार लागायचं.

सत्त्याण्णवच्या सुरुवातीला बाँड संपला. तेव्हाचं रेडकू आता चांगली काळीभोर वगार झालं होतं. आत्यानं तिला धुतलं, गळ्यात झेंडूची माळ घातली आणि अविराजच्या हातात दावं देऊन थेट रावजीतात्यांच्या अंगणात गेली. मागं मी.

तात्या टोमॅटो निवडत होते. आत्यानं पंचनाम्याची नक्कल त्यांच्यापुढं धरली. "रावजीराव, वाचा. म्हैस एकच लिवलीया. ही चोरीची न्हाय. तुमच्या पोराच्या हातावर जल्मली, तुमच्या दारात बांधाय आणलीया."

तात्यांनी कागद दोनदा वाचला. अविराज खुंट्याला दावं आवळून बांधत होता. वगार बुजून मागं सरत होती.

"अवि," तात्या कागदातून मान वर न करता म्हणाले, "दावं सैल सोड. नव्या जागंला बुजतीया ती."

दारात सिंधुकाकू पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. त्या पळतच आत चहा टाकायला गेल्या. मला इतका आनंद झाला, की मी तात्यांचे टोमॅटो निवडायला बसलो.

अविराज तिथंच राहिला. येताना आत्या रस्ताभर रडत होती आणि रडता रडता मलाच शिव्या देत होती, की संध्याकाळची धार आता तुझा बाप काढणार का. चंद्री पुन्हा व्याली होती आणि तिचं लाथ मारणं मला चांगलं आठवत होतं. तरी मी मुकाट्यानं चरवी विसळली.

पाच वाजले आणि गोठ्यातून हाक ऐकू आली, "काय गं बाळंतीण?"